पवई तलावावरील पक्षीजीवन

पवई तलाव हा मुंबई उपनगर जिल्ह्यातील कृत्रिम जलाशय असून तो जुहूच्या ईशान्येस आहे. १८९१ च्या सुमारास पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या या तलावाचे पाणी पुढे पिण्यास अयोग्य ठरले. पावसाळा सरताच, शरद ऋतूत, येथे धोबी, तुतवार इत्यादी स्थलांतरित पक्षी उत्तरेकडून येऊ लागतात. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळे व बगळेही येथे आढळतात. सांडपाण्यामुळे तलावात जलपर्णी फोफावते. लांब बोटांचा कमळपक्षी तिच्यावर सहज वावरतो. मात्र बुडी मारून मासे पकडणाऱ्या पाणकावळ्यांना मोकळे पाणी लागते. म्हणून जलपर्णी हटवताना काठची वनस्पती राखणे महत्त्वाचे ठरते.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांचा, तर अखेरचा सालिम अली यांचा जन्मदिन होय.