परदेशातील निवास आणि शिक्षकाची घडण : पंडिता रमाबाईंचे उदाहरण

शिक्षक हा पाठांतराने जितका घडतो तितकाच निवासाने घडतो, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तिच्या मुळाशी हीच समजूत दिसते. ज्ञानेश्वरी व गाथा यांचे अध्ययन गावोगावीही होऊ शकले असते. परंतु भावी कीर्तनकाराने काही वर्षे इंद्रायणीकाठी राहावे, समाधीच्या सान्निध्यात नित्यक्रम पाळावा आणि मग लोकांपुढे उभे राहावे, अशी ही योजना आहे. येथे निवास शिक्षकाला परंपरेत अधिक खोल रुजवितो. याच्या उलट दिशेने, परंपरेपासून दूर नेऊन, शिक्षकाला घडविणारा निवास कोणता, हे पाहावयाचे तर आळंदीची ही संस्था निघण्यापूर्वी चौतीस वर्षे विलायतेस गेलेल्या पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते. रमाबाईंच्या चरित्राचा विचार बहुधा धर्मांतराच्या अंगाने झाला आहे. शिक्षिका या नात्याने त्यांच्यात काय पालट झाला, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

रमाबाईंचे (जन्म १८५८) मूळ शिक्षण पुराणिकाचे होते. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत पुराण सांगे, आणि कन्येने मातेच्या मुखातून ऐकून संस्कृत ग्रंथ कंठस्थ केले. ज्ञान कानाने घ्यावे व वाणीने द्यावे, ही ती पद्धती. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली, ती या पद्धतीच्या परिपूर्णतेबद्दलच होय. तथापि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य यांची निकड मांडली, तेव्हा या मागणीस पुरी पडेल अशी शिक्षिका घडविण्याचे साधन पुराणिकाच्या परंपरेत नव्हते.

१८८३ साली कन्या मनोरमेसह त्या इंग्लंडात वाँटेज येथे पोहोचल्या. वैद्यकाचा अभ्यास करावा हा त्यांचा हेतू होता; श्रवणशक्तीच्या मांद्यामुळे तो सोडावा लागला. श्रवणावर ज्यांची सारी विद्या उभी होती त्यांना श्रवणदोषानेच अध्यापनाकडे वळविले, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८८४ पासून चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या गणित, सृष्टिविज्ञान, इंग्रजी वाङ्मय यांच्या विद्यार्थिनी व त्याच वेळी संस्कृतच्या अध्यापिका झाल्या. जी भाषा त्यांना बालपणी आपोआप मुखोद्गत झाली, ती आता परक्या भाषेतून, ती कधीच कानी न पडलेल्या मुलींना शिकवावयाची होती. स्वतःस ठाऊक असलेल्या भाषेचे नियम शिकविण्यासाठी वेगळे काढावे लागतात, हा अनुभव प्रत्येक भाषाशिक्षकास येतो. पण तो स्वदेशी, स्वभाषकांच्या वर्गात इतका तीव्र होत नाही.

चेल्टनहॅमचा दुसरा धडा याहून कठोर होता. पुरुष विद्यार्थ्यांनाही रमाबाईंनी संस्कृत शिकवावे असा विचार निघताच मुंबई व लाहोर येथील बिशपांनी आक्षेप घेतला: त्यामुळे हिंदुस्थानात परतल्यावर त्यांचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईंनी कलकत्त्यास व पुण्यास पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली होती, त्यांना हिंदू समाजाच्या नावाने इंग्रज धर्माधिकारी मज्जाव करीत होते! प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादिलेल्या पत्रसंग्रहामुळे तो उपलब्ध आहे, रमाबाईंनी आपल्या निर्णयाचा अधिकार सोडण्यास स्पष्ट नकार दिला. आश्रयदात्यापुढे शिक्षकाने कोठपर्यंत नमावे, याचा निर्णय त्यांनी या वेळी केला. पुढील आयुष्यात तो बदललेला दिसत नाही.

१८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी एका मान्यवर पंडितेने मुलांच्या खेळण्यांचे ठोकळे हाती घेऊन पुन्हा विद्यार्थिनी व्हावे, ही घटना साधी नव्हे. पुराणिकाच्या पद्धतीत ग्रंथ आधी व श्रोता नंतर. फ्रोबेलच्या पद्धतीत मूल आधी, त्याचा हात आधी. तेथील शालेय वाचनमालांच्या धर्तीवर मराठी पुस्तके तयार करण्याचा उद्योगही त्यांनी तेथेच आरंभिला. १८८९ च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथाच्या नावातच वृत्तीतील पालट दिसतो: ‘प्रवासवृत्त’ मागे गेले आणि ‘लोकस्थिति’ पुढे आली. त्यातील शिक्षणविषयक व स्त्रीस्थितिविषयक प्रकरणांत निरीक्षण करणारी शिक्षिका बोलते. आणि अमेरिकेतील वर्णद्वेष व मूळ रहिवाशांची दुर्दशा यांकडे तिने डोळेझाक केलेली नाही. परदेशस्तुतीच्या प्रवाही वाङ्मयात हे विरळा.

परदेशवास शिक्षकाला अपरिहार्य असतो, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. धोंडो केशव कर्वे यांना महिला विद्यापीठाची कल्पना जपानी महिला विद्यापीठाविषयीच्या एका पुस्तिकेने स्पष्ट झाली. १९१६ मध्ये विद्यापीठ निघाले आणि कर्वे परदेशी गेले ते १९२९ मध्ये. योजना पुस्तिकेतून येऊ शकते. रमाबाईंना जे मिळाले ते पुस्तिकेत मावणारे नव्हते, आणि त्याची किंमतही त्यांना द्यावी लागली.

बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या साह्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन निघाले. पुढे कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचे अभिवचन होते व जातिनियमही पाळले जात. तरी मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस स्वेच्छेने बसल्या तर त्यांना आडकाठी नव्हती. संस्था पुण्यास आल्यावर हाच वादाचा विषय झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध सोडला आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. ‘केसरी’ची टीका प्रखर होती, ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही, कारण पालकांस तटस्थतेचा जो अर्थ अभिप्रेत होता तो रमाबाईंचा नव्हता. मुलीने स्वतः निवड करावी, हा त्यांचा अर्थ. बिशपांपुढे जो अधिकार त्यांनी स्वतःसाठी मागितला तोच येथे विद्यार्थिनीस दिला होता. पुण्याच्या समाजास तो परका वाटला, आणि परकेपणाचा दोष शिक्षिकेच्या परदेशवासावर गेला.

१८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनात आलेल्या मुली बहुतांशी खेड्यांतील होत्या. याच सुमारास रमाबाईंनी मनोरमेस शिक्षणासाठी प्रथम इंग्लंडला व मग अमेरिकेस पाठविले. १९०० साली परतून त्या शाळेच्या कामात मातेच्या सहकारी झाल्या. स्वतः रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतरास लागल्या. खेड्यातील बाईस उमजेल अशी मराठी वापरावयाची आणि जड संस्कृत शब्द शक्य तेथे टाळावयाचे, हे त्यांचे धोरण होते. चेल्टनहॅमला संस्कृत शिकविणाऱ्या पंडितेने ते आखावे, हे भाषाभ्यासकाने विसरू नये. मुद्रणाचे कामही मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. रमाबाई १९२२ मध्ये निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.