मेट्रोपोलिस (चित्रपट)

मेट्रोपोलिस हा १९२७ साली प्रदर्शित झालेला जर्मन मूकपट आहे. फ्रिट्झ लांग यांनी त्याचे दिग्दर्शन केले, थेआ फॉन हार्बू यांनी आपल्याच कादंबरीवरून त्याची पटकथा लिहिली आणि बर्लिनच्या यूफा या चित्रपटसंस्थेने त्याची निर्मिती केली. भविष्यकाळाचे सुखस्वप्न न रंगवता त्याचे दुःस्वप्न रंगवणाऱ्या, म्हणजेच डिस्टोपियन म्हटल्या जाणाऱ्या विज्ञानपटांचा हा आद्य नमुना मानला जातो. प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच चित्रपटाचा सुमारे चौथा भाग कापून टाकण्यात आला. त्यामुळे पुढील ऐंशी वर्षे जगभरच्या प्रेक्षकांनी व समीक्षकांनी या चित्रपटाविषयी जी मते बनवली, ती बहुतांशी अपुऱ्या प्रतींवरून बनलेली होती. या चित्रपटाला मिळालेल्या प्रतिसादाचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

कथानक

भविष्यातील एका महानगरात वरच्या अंगाला गगनचुंबी इमारती, क्रीडांगणे आणि विलासी उद्याने आहेत. जमिनीखाली यंत्रशाळा आणि त्याहीखाली कामगारांची वस्ती आहे. कामगारांची पाळी दहा तासांची असते आणि त्यांच्या घड्याळाच्या तबकडीवर दहाच आकडे असतात. पाळी बदलताना माना खाली घालून, एका लयीत पावले टाकत जाणारे कामगारांचे दोन जथे हे चित्रपटाच्या आरंभीचे दृश्य एकदा पाहिलेला प्रेक्षक विसरत नाही.

नगराचा सर्वाधिकारी योह फ्रेडरसन याचा मुलगा फ्रेडर हा मारिया नावाच्या तरुणीच्या शोधात यंत्रशाळेत उतरतो. तेथे त्याच्या डोळ्यांदेखत अपघात होतो आणि ते अजस्र यंत्र त्याला नरबळी मागणाऱ्या मोलोख दैवतासारखे भासते. पुढे तो ११८११ क्रमांकाच्या कामगाराशी कपडे बदलून स्वतः यंत्रावर उभा राहतो. दरम्यान फ्रेडरसनच्या सांगण्यावरून रोटवांग हा संशोधक आपल्या यंत्रमानवाला मारियाचे रूप देतो. ही खोटी मारिया कामगारांना चिथावते. कामगार मुख्य यंत्राचा नाश करतात आणि त्यामुळे त्यांच्याच वस्तीत पाणी शिरते. मागे राहिलेल्या मुलांना खरी मारिया, फ्रेडर आणि त्याचा साथीदार योसाफाट वाचवतात. शेवटी कॅथेड्रलच्या दारात फ्रेडर आपल्या वडिलांचा हात कामगारांच्या मुकादमाच्या हाती देतो. मेंदू आणि हात यांना जोडणारे हृदय हवे, हे चित्रपटाचे सूत्र येथे पूर्ण होते.

या कथेच्या मुळाशी हेल नावाची एक मृत स्त्री आहे. रोटवांगचे तिच्यावर प्रेम होते. तिने फ्रेडरसनशी विवाह केला आणि फ्रेडरला जन्म देताना ती मरण पावली. रोटवांगने यंत्रमानव घडवला तो तिला परत मिळवण्यासाठी. हा धागा निसटला की रोटवांगच्या साऱ्या कृती निव्वळ वेडाचार वाटू लागतात.

निर्मिती

चित्रीकरण मे १९२५ ते ऑक्टोबर १९२६ असे सुमारे १७ महिने चालले. खर्च ५० लाख मार्कांच्या वर गेला. मूळ अंदाजाच्या तो तिपटीहून अधिक होता. १९२४ साली न्यूयॉर्क बंदरात जहाजावरून उजळलेले शहर पाहताना ही कल्पना सुचली, असे लांग सांगत असत. पटकथेचे काम मात्र त्या प्रवासाआधीच सुरू झालेले होते.

उंच इमारतींच्या काही दृश्यांसाठी ऑयगेन शुफ्टान यांनी विकसित केलेली आरशाची युक्ती वापरण्यात आली. कॅमेऱ्यापुढे तिरका आरसा ठेवून त्यात इमारतीच्या लहान प्रतिकृतीचे प्रतिबिंब घेतले जाई. आरशाचा काही भाग खरवडून पारदर्शक केला जाई आणि त्यातून मागे दूर उभे असलेले खरे नट दिसत. त्यामुळे प्रतिकृती आणि माणसे एकाच चौकटीत, एकाच वेळी टिपता येत.

पुराच्या दृश्यांसाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतील शेकडो मुले आणण्यात आली आणि त्यांना दिवसेंदिवस थंड पाण्यात काम करावे लागले. कामगारांची पिळवणूक दाखवणाऱ्या चित्रपटाच्या निर्मितीतील ही विसंगती अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली नाही. मारिया आणि यंत्रमानव या दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्म या नवोदित अभिनेत्रीने केल्या.

प्रदर्शन आणि काटछाट

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनच्या यूफा-पालास्ट अम त्सू या चित्रपटगृहात पहिला खेळ झाला. त्या वेळी चित्रपटाची लांबी ४,१८९ मीटर, म्हणजे सुमारे अडीच तास होती. त्यानंतर तो बर्लिनमध्ये एकाच चित्रपटगृहात मे महिन्यापर्यंत चालला आणि त्या काळात जेमतेम १५,००० प्रेक्षकांनी तो पाहिला.

यूफा आधीच कर्जबाजारी होती आणि अमेरिकेतील पॅरामाउंट व मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपन्यांशी तिने कर्जाचा करार केला होता. पॅरामाउंटने अमेरिकेतील प्रदर्शनासाठी चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडून चित्रपटाची फेरमांडणी करून घेतली. इंग्रजीत हेल या नावाचा उच्चार नरकवाचक शब्दाशी जुळतो. या कारणाने हेलचा सगळा धागाच काढून टाकण्यात आला. ११८११ क्रमांकाच्या कामगाराची कथा आणि फ्रेडरवर पाळत ठेवणाऱ्या हेराचे प्रसंग हेही जवळजवळ नाहीसे झाले. त्याच वर्षी जर्मनीतही चित्रपट आखूड करूनच पुन्हा प्रदर्शित झाला. बर्लिनच्या पहिल्या प्रेक्षकांनी पाहिलेला चित्रपट त्यानंतर युरोपात कोणालाच पाहता आला नाही.

तत्कालीन प्रतिसाद

दृश्ये अपूर्व आणि कथा भाबडी, हा निवाडा पहिल्याच वर्षी पक्का झाला. एच. जी. वेल्स यांनी एप्रिल १९२७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेले परीक्षण फार कडक होते. यंत्रे वाढली की कष्टाची कामे कमी होतात, त्यामुळे यंत्रयुगात गुलामांच्या फौजा लागतील ही कल्पनाच चुकीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. भविष्यातील शहरे उंच न वाढता आडवी पसरतील, असेही ते म्हणाले. आपली एक जुनी कादंबरी आणि कारेल चापेक यांचे यंत्रमानवावरील नाटक यांचे ठसे त्यांना चित्रपटात दिसले.

वेल्स यांच्या पहिल्या आक्षेपाची परीक्षा मुंबईच्या उदाहरणावर करता येते. चित्रपट प्रदर्शित झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९२८ मध्ये, मुंबईच्या कापड गिरण्यांत सहा महिन्यांचा संप झाला. संपाच्या मुख्य कारणांपैकी एक असे होते की, मालकांना दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराकडे सोपवायचे होते. यंत्रामुळे श्रम हलके होतात हे तत्त्व म्हणून खरे असेलही. भोंग्याच्या तालावर जगणाऱ्या गिरणगावाचा अनुभव लांग यांच्या चित्राच्या अधिक जवळचा होता. शहरांच्या उंचीबाबतही वेल्स यांचा अंदाज पुरता खरा ठरला नाही.

डाव्या विचारांच्या समीक्षकांचा रोख वेगळा होता. मालक आणि मजूर यांच्या हस्तांदोलनाने काहीच बदलत नाही. कामगार दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर जाणार, हा त्यांचा आक्षेप होता. तो आजही तितकाच सबळ आहे आणि कापलेले भाग परत मिळाल्यानेही त्याचे निरसन होत नाही. खुद्द लांग यांनी उत्तरायुष्यात हा शेवट आपल्याला पटत नसल्याचे सांगितले आणि मुख्य कल्पना हार्बू यांची असल्याचे म्हटले.

हार्बू, तेंडुलकर आणि चित्रपटाचे नंतरचे वाचन

दुसऱ्या महायुद्धानंतर या आक्षेपाला नवी धार आली. जर्मन चित्रपटांवरील १९४७ च्या ग्रंथात झिगफ्रीड क्राकाउअर यांनी लिहिले की, हृदयाच्या मध्यस्थीचा हा उपदेश नाझी प्रचारमंत्री गोबेल्स यांच्या तोंडीही शोभला असता. लांग १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेले. हार्बू तेथेच राहिल्या, नाझी पक्षात गेल्या आणि पटकथा लिहीत राहिल्या. साहजिकच चित्रपटातील सर्व भाबडेपणा त्यांच्या खात्यावर जमा झाला.

हार्बू यांच्या चरित्राचा एक धागा मराठी मुलखाशी जोडलेला आहे. बेळगावजवळच्या बेळगुंदी येथील अयी गणपत तेंडुलकर हे शिक्षणासाठी जर्मनीत गेले व बर्लिनमध्ये पत्रकारिता करू लागले. तेथे हार्बू यांच्याशी त्यांचा परिचय झाला. लांग यांच्यापासून घटस्फोट झाल्यावर हार्बू यांनी तेंडुलकरांशी गुप्तपणे विवाह केला. नाझी राजवटीत तो उघडपणे करणे शक्य नव्हते. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर भारतात परतले, त्यांनी बेळगावात वृत्तपत्र काढले आणि ब्रिटिश सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. पुढे इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांची कन्या लक्ष्मी तेंडुलकर ढौल यांनी या तिघांची हकीकत इंग्रजी पुस्तकात सांगितली आहे.

या संबंधाचा अर्थ लावताना कालक्रम सांभाळला पाहिजे. तेंडुलकरांची भेट मेट्रोपोलिसनंतर काही वर्षांनी झाली. त्यामुळे चित्रपटावर त्यांचा प्रभाव शोधणे व्यर्थ आहे. भारताविषयीचे हार्बू यांचे कुतूहल मात्र जुने होते. भारतातील एका संस्थानिकाच्या कबर-उभारणीवर त्यांनी १९१८ मध्येच कादंबरी लिहिली होती आणि १९२१ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. नाझी पक्षाची सदस्य असलेली आणि त्याच राजवटीत एका भारतीयाशी लपून संसार करणारी ही लेखिका सरळ हिशोबात बसत नाही. तिच्या १९३३ नंतरच्या निर्णयांची जबाबदारी तिचीच आहे. ती १९२७ च्या पटकथेवर मागाहून लादणे हे मात्र समीक्षेच्या दृष्टीने शंकास्पद आहे.

हरवलेल्या भागांचा शोध

१९८४ मध्ये संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांनी रंगछटा आणि आधुनिक गाणी घालून सुमारे ८३ मिनिटांची आवृत्ती काढली. जाणकारांनी नाके मुरडली, पण तरुण प्रेक्षकांची एक पूर्ण पिढी या आवृत्तीमुळेच चित्रपटाकडे वळली. २००१ मध्ये जगभरच्या प्रती जुळवून सुमारे दोन तासांची आवृत्ती सिद्ध झाली आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश झाला. असा मान मिळालेला हा पहिला चित्रपट होय.

यानंतरचा शोध अनपेक्षित ठिकाणी लागला. अर्जेंटिनातील एका वितरकाने काटछाट होण्यापूर्वीची प्रत ब्वेनोस आयरेसला नेली होती. तेथील एका फिल्म क्लबच्या जुन्या चालकाच्या आठवणीत होते की, हा चित्रपट दाखवताना फीत सरकू नये म्हणून ती दोन तासांहून अधिक वेळ बोटाने दाबून धरावी लागली होती. इतका वेळ, म्हणजे प्रत लांब असली पाहिजे, असा तर्क चित्रपट-इतिहासकार फर्नांदो पेन्या यांनी बांधला. २००८ मध्ये तेथील चित्रपट संग्रहालयात, पाउला फेलिक्स-दिदिएर संचालक असताना, ती प्रत सापडली. ती १६ मिलिमीटरवर उतरवलेली, ओरखडे पडलेली आणि कडा कापल्या गेलेली होती. पण तिच्यात सुमारे २५ मिनिटांचा हरवलेला भाग होता.

हे भाग जोडून तयार झालेली १४८ मिनिटांची आवृत्ती फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिन महोत्सवात दाखवण्यात आली. तीत हेलचा धागा परत आला, ११८११ क्रमांकाच्या कामगाराला स्वतःची कथा मिळाली आणि रोटवांगचा सूड समजण्याजोगा झाला. अभ्यासासाठी हीच आवृत्ती पाहावी. सहज उपलब्ध असणाऱ्या अनेक प्रती आखूड असतात, म्हणून पाहण्यापूर्वी लांबी तपासून घेणे बरे. परत मिळालेली दृश्ये ओरखड्यांमुळे सहज ओळखू येतात. कॅथेड्रलमधील साधूचे प्रवचन आणि फ्रेडरसन व रोटवांग यांच्यातील झटापट हे दोन प्रसंग अद्याप सापडलेले नाहीत; ते पडद्यावर केवळ मजकुराच्या पाट्यांनी सांगितले जातात.