'क्वेकर सिटी'ची सफर

समुद्रपार जावयाचे ते व्यापारासाठी, नोकरीसाठी किंवा कायमचा देशत्याग करण्यासाठी, अशीच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्य लोकांची समजूत होती. केवळ मौजेखातर पाच महिने आगबोटीवर काढावयाचे आणि त्यासाठी गाठीचे पैसे मोजावयाचे, ही कल्पना पुष्कळांस वेडेपणाची वाटली असती. तथापि इ. स. १८६७ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये अशाच एका सफरीची जाहिरात झाली. यादवी युद्धात सरकारी आरमारात काम केलेली 'क्वेकर सिटी' ही चाकांची आगबोट युरोप, पॅलेस्टाइन व मिसर या देशांकडे जाणार होती. भाडे माणशी १,२५० डॉलर. शिवाय कोणासही तिकीट मिळावयाचे नव्हते. अर्जदाराचे चारित्र्य पारखून घेण्यासाठी एक समितीच नेमलेली होती.

जाहिरातीतील मोठे आकर्षण म्हणजे सहप्रवासी. सुप्रसिद्ध धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर व सेनापती शर्मन हे बरोबर येणार असा गवगवा झाला होता. परंतु बीचरना लेखनाचे काम निघाले आणि शर्मनना रेड इंडियनांशी चाललेल्या झगड्यामुळे पश्चिमेकडील मैदाने सोडता येईनात. राहिले कोण, तर बहुतेक चाळिशी उलटलेले, सुखवस्तु आणि अतिशय धर्मशील असे स्त्री-पुरुष. त्यांच्यात एकतीस वर्षांचा एक वृत्तपत्रलेखक होता. त्याचे भाडे सॅन फ्रॅन्सिस्कोच्या 'आल्टा कॅलिफोर्निया' पत्राने भरले होते, आणि मोबदल्यात त्याने दर मुक्कामाची हकीकत लिहून पाठवावयाची होती. त्याचे नाव सॅम्युएल क्लेमेन्स; जग त्यास मार्क ट्वेन म्हणून ओळखते.

आरंभच मोठा विनोदी झाला. ८ जूनला निरोपाचे रुमाल हालले, बोट धक्क्यावरून निघाली, आणि बाहेर वादळ आहे म्हणून बंदरातच नांगर टाकून दोन दिवस स्वस्थ बसली! ज्यांनी नुकताच साश्रु निरोप घेतला होता त्यांस आपलेच शहर समोर पाहत प्रार्थना म्हणत बसावे लागले. पुढे भर समुद्रात रात्री डेकवर नाच होई. पण बोट उजव्या अंगास कलली की नर्तकांची सारी रांग तिकडे घसरे, आणि डावीकडे कलली की सारे कठड्याशी गोळा होत. पश्चिमेकडचा एक तरुण तर आपल्या घड्याळावर रुष्ट झाला होता. बोट पूर्वेस जात असल्याने तिच्यावरील वेळ रोज पुढे सरकते, हे त्यास उमगेना. घड्याळाची गती वाढवून वाढवून तो थकला, तरी बोटीचे घड्याळ पुढेच! अझोर्स बेटांवर त्यानेच नऊ जणांना मेजवानी दिली आणि २१,७०० रेईसचे बिल पाहून आपण धुळीस मिळालो असे त्यास वाटले. हिशेबाअंती ते एकवीस डॉलरांच्या आसपास निघाले. या गोष्टींत ट्वेनच्या कल्पनेची भर किती हे ठरविणे कठीण. पण माणसे खरी, मुक्कामही खरे.

ग्रीसमध्ये क्वारंटीनमुळे उतरण्याची बंदी झाली, तेव्हा ट्वेनसह चौघे जण रात्री चोरून किनाऱ्यास गेले, वाटेत मळ्यांतील द्राक्षे तोडली आणि चांदण्यात ॲक्रोपोलिस पाहून पहाटेच्या आत परतले. याल्टाजवळ रशियाचा बादशहा दुसरा अलेक्झांडर याने मंडळींचे आदरातिथ्य केले. त्यास अर्पिलेले मानपत्र ट्वेननेच रचलेले होते. परंतु बोटीवरील खलाशांनी त्या मानपत्राची नक्कल करून इतका उच्छाद मांडला की कर्त्यास आपल्याच वाक्यांचा वीट आला.

मात्र वृद्ध मंडळींच्या धर्मभावनेमुळे हळूहळू नाच मागे पडले आणि प्रार्थना वाढल्या. नोव्हेंबरात परत येताच ट्वेनने 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्ये लेख लिहिला; ही सहल होती की अंत्ययात्रा, असा त्याचा सूर होता, आणि सहप्रवासी साहजिकच संतापले. पण लेखकाचे हे म्हणणे पुरतेपणी मान्य करता येत नाही. बोटीचे डॉक्टर जॅक्सन यांनी जागोजागच्या वाटाड्यांना वेड्यासारखे प्रश्न विचारून हैराण केले होते. याच डॉक्टरांनी पुढे सहप्रवासी वार्ताहर ज्युलिया न्यूएल यांच्याशी विवाह केला. अंत्ययात्रेत लग्ने जुळत नाहीत!

खुद्द ट्वेनचीही गोष्ट तशीच. उतारूंमध्ये एल्मायरा येथील कोळशाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा अठरा वर्षांचा मुलगा चार्ल्स लँग्डन होता. स्मर्ना बंदरात त्याच्या खोलीत आपण त्याच्या बहिणीचे हस्तिदंतावरील लहानसे चित्र पाहिले आणि तेव्हापासून ती मनातून गेली नाही, असे ट्वेनने उतारवयात सांगून ठेवले आहे. वृद्धाची आठवण थोडी रंगलेली असेल. पण त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये त्याची ऑलिव्हियाशी भेट झाली आणि लँग्डन कुटुंबासमवेत त्याने डिकन्सचे वाचन ऐकले, हे निश्चित.

१८६८ मध्ये त्याने घातलेली मागणी तिने प्रथम नाकारली. पुढे तिचे मन वळले, तरी पित्याचे समाधान व्हावयाचे होते. जेर्व्हिस लँग्डन यांनी चारित्र्याची साक्ष मागितली आणि ट्वेनने पश्चिमेकडील सहा प्रतिष्ठितांची नावे दिली. उत्तरे आली ती एकाहून एक वाईट. तुझा जगात एकही मित्र नाही काय, असे वृद्धाने विचारले. दिसत तर नाही, असे या उमेदवाराने कबूल केले. तेव्हा, मग मीच तुझा मित्र होतो, असे म्हणून लँग्डन यांनी संमती दिली. आगबोटीच्या समितीने केलेल्या चारित्र्यपरीक्षेपेक्षा ही परीक्षा कितीतरी शहाणपणाची म्हटली पाहिजे.

सफरीच्या पत्रांचे पुस्तक 'द इनोसंट्स अब्रॉड' १८६९ मध्ये निघाले आणि अतोनात खपले. त्याची मुद्रिते एल्मायरास ट्वेनबरोबर बसून वाचली ती ऑलिव्हियाने. २ फेब्रुवारी १८७० रोजी त्यांचा विवाह झाला, आणि पुढे चौतीस वर्षे, तिच्या मृत्यूपर्यंत, त्याच्या लेखनाची पहिली वाचक तीच राहिली.

१८९४ मध्ये ट्वेनची प्रकाशनसंस्था बुडाली. कर्ज फेडण्यासाठी त्याने व्याख्यानांचा पृथ्वीपर्यटनी दौरा काढला तेव्हा ऑलिव्हिया बरोबर होती. १८९६ च्या जानेवारीत कोलंबोहून आगबोटीने ती दोघे कन्या क्लारासह मुंबईस उतरली आणि वॉटसनच्या हॉटेलात राहिली. खोकल्याने बेजार झालेल्या ट्वेनला तेथे अंथरूण धरावे लागले. गॅलरीच्या कठड्यावर बसून आपल्या कपड्यांची, रंगाची आणि धंद्याची खुशाल चर्चा करणारे मुंबईचे कावळे त्याने याच मुक्कामात पाहिले व पुढे आपल्या पुस्तकात आणले.