चेहऱ्यावरचा उजेड

आमच्या हौशी नाट्यसंस्थेला शंभर खुर्च्यांचा एक हॉल मिळाला, त्याला आता तीन वर्षं होतील. हॉल म्हणजे एका शाळेच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली. छत अकरा फूट आणि विजेची लाइन एकच, १५ अँपिअरची. २३० व्होल्टला हिशेब केला तर जेमतेम साडेतीन किलोवॉट. हजार वॉटचे हॅलोजन तीन लागतात. चौथा लावला की अंधार. म्हणजे एलईडी घ्यायचे हे परिस्थितीनंच ठरवलं होतं. कोणते घ्यायचे, तिथे आम्ही फसलो आणि त्या फसवणुकीमुळे मी नाटकातल्या उजेडाच्या इतिहासात शिरलो.

विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा उजेड होता तो ज्योतीचा. ज्योतीचा उजेड पिवळा, तांबूस आणि हलता. त्यात भडक रंगभूषा खपून जाते, किंबहुना तीच शोभते. पुढे गॅसबत्ती आली. तिचं मेंटल ही व्हिएन्नाच्या कार्ल आउअर यांची करामत: कापडाची जाळी थोरियम आणि किंचित सिरियमच्या क्षारात भिजवायची, जाळायची आणि उरलेला राखेचा सांगाडा ज्योतीवर तापवून पांढरा उजेड मिळवायचा. कोकणातला दशावतार आणि गावोगावचा तमाशा या बत्तीच्या सुंऽऽ अशा आवाजात कितीतरी वर्षं रंगला. बत्ती महाग नव्हती आणि दोरीला टांगून कुठेही नेता येत होती. लहान जागेचा दिवा निवडताना तेव्हाही हेच पाहिलं जाई.

वीज रंगमंचावर आली ती मात्र भीतीपोटी. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरमध्ये गॅसच्या दिव्यांवरून आग लागली आणि शेकडो माणसं गेली. त्याच महिन्यात, २८ तारखेला, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा रंगमंच विजेनं उजळला. मालक डॉयली कार्ट यांनी प्रेक्षकांसमोर पेटता बल्ब फोडून दाखवला, की पाहा, आग लागत नाही. मला जास्त रस आहे तो याच शहरातल्या हेन्री आयर्व्हिंगमध्ये. विजेचं युग सुरू झालं तरी लायसियम थिएटरात त्यानं गॅसच ठेवला. गॅसच्या उजेडाचा मऊपणा त्याला आणि एलन टेरीला सोडवत नव्हता. नवा दिवा सुरक्षित होता, सोयीचा होता. चेहऱ्याचं काय, हा प्रश्न नटांनी विचारला.

आमच्या पिढीला हा प्रश्न विचारायची ऐपत नव्हती. कॉलेजच्या एकांकिकांना आम्ही डालड्याच्या डब्यात बल्ब बसवून तोंडाशी जिलेटिन कागद लावत असू. डिमर होता मिठाच्या पाण्याचा: मातीच्या कुंडीत खारं पाणी, त्यात दोन पत्रे. पत्रे जवळ आणले की जास्त वीज वाहते, दिवा उजळतो; लांब नेले की मावळतो. पाणी उकळायला लागे आणि ओला हात लागला तर जीव जाण्याची सोय होती. आज कुणी करू नये. पण त्या कुंडीनं एक गोष्ट फुकट दिली: बल्बची तार मंद होताना लाल होत जाते. संध्याकाळ आपोआप पडायची.

एलईडीत नेमकं हेच नाही. निळा एलईडी नव्वदच्या दशकात हाती आला आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो, नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. साधा पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळी भुकटी. त्यात लाल कमी. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यात रंगांच्या मध्ये फटी राहतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला लागतो नेमका तो मधला लाल-केशरी भाग.

आम्ही सहा महिन्यांची वर्गणी घालून असे आठ रंगीत दिवे आणले होते. प्रयोगाला अकरा दिवस होते. तालमीत आईची भूमिका करणारी बाई उजेडात आली आणि आजारी दिसू लागली. कपाळावरचं कुंकू चॉकलेटी. सूर्यास्ताला उजेड जिन्यावरून उतरावा तसा टप्प्याटप्प्यानं उतरला, शेवटी एकदम गप्प. स्वस्त दिव्यात उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, खालच्या पायऱ्या डोळ्याला ठेचकाळतात. भरीला प्रत्येक दिव्यातला पंखा. मोठ्या नाट्यगृहात तो ऐकू येत नाही; आमची पहिली रांग मात्र नटापासून पाच फुटांवर. दुकानदारानं दिवे परत घेतले नाहीत.

त्या वेळी मला छबिलदास आठवलं. १९७४ पासून दादरच्या त्या शाळेत ‘आविष्कार’नं प्रायोगिक नाटकाला घर दिलं, तिथे प्रेक्षक नटाच्या श्वासाइतका जवळ. अशा जागेत रंगांचे फवारे कुणी मागत नाही. डोळ्यांखालची सावली वाचता आली पाहिजे.

दुसऱ्या खेपेला मी बाजारात बायकोची लाल नारायणपेठी, एक हळकुंड आणि स्वतःचा हात घेऊन गेलो. दुकानातली मुलं हसली. ३२०० केल्व्हिनच्या आसपासचा उबदार पांढरा, रंगदर्शकता निर्देशांक ९०च्या वर, त्यातही लाल रंगाचा आकडा वेगळा विचारून घेतलेला. कागदावर विसंबलो नाही. साडी लालच दिसते का, ते पाहिलं. दिवा अगदी मंद करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितला, पट्टे सरकू लागले तो बाजूला. छत बुटकं, म्हणून झोत रुंद घेतला. असे चार दिवे आले, प्रत्येकी शंभर वॉटचे आणि बिनपंख्याचे. आधीच्या आठांतले दोन मागच्या पडद्यावर निळं आकाश टाकायला ठेवले. बाकीचे एका ऑर्केस्ट्रावाल्याला विकले, त्याला ते फार आवडले.

हिशेब केला तर पंधरा अँपिअरमध्ये अजून जागा उरत होती. तिथे मी एक जुना हजार वॉटचा हॅलोजन टांगला, साध्या डिमरवर. शेवटच्या प्रवेशात आई खिडकीशी बसते, तेव्हा तेवढा एकच दिवा मावळत जातो, आधी पिवळा, मग तांबडा.