लंडनमधला बिअरचा पूर

घरी पातेलंभर बिअर बिघडली तर ओतून देता येते. पिंप अवाढव्य झालं की उंचीबरोबर तळावरचा दाबही वाढतो. अठराव्या शतकात लंडनच्या भट्ट्यांमध्ये पोर्टर ही काळी बिअर मुरवण्यासाठी असली लाकडी पिंपं आली. मोठं पिंप हा प्रतिष्ठेचाच मामला झाला म्हणा ना!

१७ ऑक्टोबर १८१४. म्यूक्स कंपनीच्या हॉर्स शू भट्टीत २२ फुटी पिंपाचं लोखंडी कडं निसटलं. कडी वर्षातून दोन-तीनदा निसटतच. कारकुनाने दुरुस्तीसाठी चिठ्ठी लिहिली. तासाभरात पिंप फुटलं. मागची भिंत पाडून लोंढा गरीब वस्तीत शिरला आणि आठ बायकामुलं दगावली. त्यांतली काही तर एका मृत बाळाच्या घरी सांत्वनाला जमली होती. पंचांनी अपघाती मृत्यू ठरवला. संसदेने कंपनीला सुमारे ७,२५० पौंड अबकारी कर परत दिला. मृतांच्या अंत्यविधीसाठी लोकांनी वर्गणी काढली.