पांढरी काठी आणि कोपरचा जिना

१/५
कोपर स्थानक दुमजली आहे. खाली मुंबई–कल्याण मार्ग, वर दिवा–वसई मार्ग. गाडी बदलायची तर जिना टळत नाही. दृष्टी गमावलेल्या प्रवाशाने हा जिना एकट्याने चढावा, या अपेक्षेलाही एक इतिहास आहे.

२/५
१९०० साली, दुष्काळाच्या काळात, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. आजची दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच. अन्न आणि आसऱ्यासोबत अंध मुलांच्या हाती अक्षरेही आली.

३/५
मात्र वाचता येणे वेगळे आणि एकट्याने रस्ता ओलांडणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धात अनेक तरुण सैनिक अंध झाले, तेव्हा हा प्रश्न तातडीचा बनला. भारतीय सैनिकांसाठी देहरादूनला प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. त्याचे प्रमुख क्लुथा मॅकेन्झी यांनी स्वतः १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणांगणावर दृष्टी गमावली होती.

४/५
त्याच सुमारास अमेरिकेतील लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी लांब काठीचे तंत्र घडवले. पाऊल जिथे पडणार, तिथे काठीचे टोक आधी पोहोचते. चलनवलन प्रशिक्षणाचा पाया हाच. १९५२ मध्ये मुंबईत ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ स्थापन झाली आणि पुनर्वसनाच्या कार्याला देशव्यापी संस्था लाभली.

५/५
मुंबईच्या उपनगरी फलाटांवर ऐकू येणारा ‘बीप’ दिव्यांगांचा डबा कुठे थांबेल ते सांगतो. २०१६ च्या कायद्याने सुगम्यता हा हक्क मानला. काठी चालवणे व्यक्तीला शिकवता येते. जिना, कठडा आणि फलाटाची कड सुरक्षित ठेवणे मात्र शहराचे काम आहे.