खोली क्रमांक ६१९ : स्टीव्ह बिकोंचे अखेरचे सहा दिवस

१८ ऑगस्ट १९७७, रात्र

दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रॅहम्सटाऊनजवळ नाकाबंदीत एक मोटार अडवली गेली. आत दोघे होते, पीटर जोन्स आणि स्टीव्ह बिको. बिको तीस वर्षांचे. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच त्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना उभारली होती. काळ्या माणसाने आधी स्वतःला कमी लेखणं थांबवावं, ही ‘ब्लॅक कॉन्शसनेस’ची शिकवण त्यांनी देशभर पोहोचवली होती. १९७३ पासून त्यांच्यावर बंदी हुकूम होता : किंग विल्यम्स टाऊनबाहेर पडायचं नाही, भाषण करायचं नाही, त्यांचं लिखाण कुणी छापायचं नाही. त्या रात्री ते केपटाऊनहून परतत होते, म्हणजे हुकूम मोडलेला होता.

अटक झाली ती मात्र १९६७च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सहाव्या कलमाखाली. या कलमात मुदत नव्हती. वकील नाही, घरच्यांची भेट नाही, न्यायालयाला सुटकेचा आदेश देण्याचा अधिकार नाही. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याची आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमातली अट ज्यांना निव्वळ औपचारिकता वाटते, त्यांनी पुढचे दिवस नीट वाचावेत. आणि हेही ध्यानात ठेवावं, की आपल्याकडेही प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला ही चोवीस तासांची अट लागू नाही.

१९ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर

पोर्ट एलिझाबेथमधल्या वॉल्मर पोलीस ठाण्याची कोठडी. बिकोंना इथे नागडं ठेवलं होतं. कपड्याने गळफास घेऊ नये म्हणून, असं कारण तिथल्या सुरक्षा पोलिसांचा प्रमुख कर्नल पीट गूसन याने नंतर सांगितलं. फिरायला बाहेर काढणं नाही, अंघोळ नाही.

२ सप्टेंबरला एक दंडाधिकारी कोठडी पाहायला आले. बिकोंनी त्यांच्याकडे धुवायला पाणी, साबण, अंग पुसायला फडकं आणि कंगवा मागितला. इथे नुसत्या पावावर दिवस काढतोय, विकतचं खाणं घेऊ द्या, अशी विनंती केली. आणि विचारलं, की मी नागडंच राहिलं पाहिजे अशी सक्ती आहे का? दंडाधिकाऱ्यांनी या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

पुढच्या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ही भेट. मारहाण अजून व्हायची होती. अंगावर जखम नव्हती. कायद्याने नेमलेला एक माणूस कोठडीत येऊन उभा होता, समोर नागडा कैदी होता, आणि कैद्याने साधा, नेमका, उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला होता. त्या दिवशी उत्तर मिळालं असतं, तर या कोठडीवर बाहेरच्या कुणाची तरी नजर आहे एवढं पोलिसांना कळलं असतं.

६ सप्टेंबर, सकाळ

बिकोंना स्ट्रँड स्ट्रीटवरच्या सॅनलम इमारतीत नेलं. सहावा मजला, खोली क्रमांक ६१९. चौकशी करणाऱ्यांत मेजर हॅरल्ड स्नायमन, कॅप्टन डांकी सीबर्ट, रुबिन मार्क्स, योहान बेनेके आणि गिडियन न्यूवूट होते. संध्याकाळी सहापर्यंत चौकशी चालली, एवढंच पोलिसांनी पुढे सांगितलं.

६ सप्टेंबर, रात्र

पोलिसांच्या जबाबांत ही रात्र शांत आहे. कैदी चटईवर, हातात हातकड्या, पायात बेड्या, बेड्या लोखंडी जाळीला अडकवलेल्या. रात्रपाळीला लेफ्टनंट विल्कन आणि त्याची माणसं.

७ सप्टेंबर, सकाळी सात

जबाबांनुसार बेड्या काढल्या, बिको अचानक चवताळले, स्नायमनवर खुर्ची फेकली. झटापट झाली. पाच जणांशी झुंजताना त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं.

ही वेळ लक्षात ठेवायची आहे. तिच्याकडे पुन्हा यावं लागेल.

७ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ

जिल्हा शल्यचिकित्सक डॉ. आयव्हर लँग आले. कैदी बोलत नाही, अशी गूसनची तक्रार होती. लँग यांना फाटलेला ओठ दिसला, छातीच्या हाडावरचा वळ दिसला, मनगटांवर कड्यांचे व्रण दिसले, हातपाय सुजलेले दिसले. बोलणं जड होतं, चालताना तोल जात होता. मग गूसनने प्रमाणपत्र मागितलं आणि लँग यांनी ते लिहून दिलं : कैद्यात कोणताही दोष किंवा विकृती आढळली नाही. मृत्यूनंतरच्या चौकशीत उलटतपासणी झाली तेव्हा ते प्रमाणपत्र चुकीचं होतं हे त्यांना कबूल करावं लागलं.

लँग गेले. बिकोंना पुन्हा जाळीला बांधलं. तो दिवस आणि ती रात्र तशीच गेली.

८ सप्टेंबर, दुपारी एकच्या सुमारास

लँग पुन्हा आले, या वेळी वरिष्ठ डॉ. बेंजामिन टकर यांना घेऊन. कैद्याने चोवीस तासांत लघवी केली नाही, असं गूसनने सांगितलं. डॉक्टर खोलीत शिरले तेव्हा पांघरूण आणि पँट लघवीने भिजलेली होती.

टकर यांनी तळव्याची तपासणी केली. टाचेकडून बोटांकडे तळव्यावर बोथट टोक ओढलं, की निरोगी प्रौढ माणसाच्या पायाचा अंगठा खाली वळतो. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा असेल, तर तो वर उचलला जातो. वैद्यकीय महाविद्यालयात सुरुवातीच्या वर्षांतच शिकवली जाणारी ही खूण आहे, आणि तिला यंत्र लागत नाही. टकर यांना अंगठा वर जात असल्याची शंका आली. मेंदूला मार बसला असावा, असं दोन डॉक्टरांना सुचवणारी ही नोंद, पोलिसांच्या हिशेबाने जखमेनंतर दुसऱ्याच दिवशीची. त्यांनी इस्पितळ सुचवलं. गूसनने सार्वजनिक इस्पितळाला नकार दिला. सिडनहॅमच्या तुरुंगातलं इस्पितळ चालेल म्हणाला, आणि डॉक्टरांनी ते मान्य केलं.

८ सप्टेंबर, रात्र, ते ९ सप्टेंबर

अंधार पडल्यावर बिकोंना तिथे हलवलं. डॉ. कॉलिन हर्श या तज्ज्ञांनी तपासलं. डावी बाजू अशक्त होती, आणि समोरचा जे बोलेल तेच बिको पुन्हा उच्चारत होते. तळव्याची खूण आता निःसंशय होती. ९ तारखेला सकाळी पाठीतलं पाणी काढलं. त्यात रक्ताच्या पेशी सापडल्या.

१० सप्टेंबर

लँग यांनी रुग्णाच्या कागदावर लिहिलं : हर्श यांना आणि मला काहीही सापडलं नाही, पाठीतलं पाणी सामान्य आहे.

पाणी सामान्य नव्हतं. हर्श यांना बरंच काही सापडलं होतं. मारणारे हात खोली ६१९ मध्ये होते आणि त्यांची बरीच चर्चा झाली आहे. या वाक्यावर तेवढी झालेली नाही. पुढे जो डॉक्टर हा कागद वाचेल त्याला रुग्ण धडधाकट आहे असं वाटावं, अशी सोय या एका ओळीने करून ठेवली. एका न्यूरोसर्जनचा सल्ला फोनवर घेतला गेला, पण रुग्ण त्यांना दाखवला गेला नाही.

११ सप्टेंबर, दुपारी दोन

बिकोंना वॉल्मरच्या कोठडीत परत टाकलं होतं. एका पोलिसाला ते फरशीवर पडलेले दिसले. डोळे तारवटलेले, तोंडाला फेस.

दुपारी साडेतीनच्या आसपास

टकर पुन्हा आले. श्वास जोरजोरात चालला होता, डावा हात लुळा होता. त्यांना पुन्हा इस्पितळ हवं होतं, गूसनला पुन्हा नको होतं. बिको पळून जातील, असं त्याचं म्हणणं. ज्याला उभं राहता येत नव्हतं त्या माणसाबद्दल हे म्हणणं. मग ठरलं, प्रिटोरियाच्या तुरुंगात न्यायचं. मोटारीने. खाली गादी असेल तर हरकत नाही, असं टकर म्हणाले.

जबाबदार पोलीस अधिकाऱ्याचा निर्णय डॉक्टर बाजूला सारू शकतो हे मला माहीत नव्हतं, असं टकर यांनी चौकशीत सांगितलं. कैद्याच्या छळात डॉक्टरने कोणत्याही प्रकारे सहभागी होऊ नये आणि उपचारांचा निर्णय त्याने स्वतंत्रपणे घ्यावा, हे जागतिक वैद्यकीय संघटनेने १९७५ मध्ये टोकियोत जाहीर केलं होतं. दोनच वर्षांपूर्वी.

११ सप्टेंबर, संध्याकाळी साडेसहा

लँड रोव्हरच्या मागच्या भागात बिकोंना झोपवलं. अंगावर कपडे नव्हते, वरून पांघरुणं टाकली. पाण्याचं एक भांडं बरोबर घेतलं. डॉक्टर नव्हता, परिचारक नव्हता. तपासणीचे कागद, पाठीतल्या पाण्याचा अहवाल, यांतलं काही बरोबर नव्हतं. गाडी रात्रभर चालली, अकराशे किलोमीटरहून अधिक. वाटेत गावं होती, इस्पितळंही होती.

१२ सप्टेंबर

प्रिटोरियाच्या तुरुंगात त्यांना उतरवलं, तेव्हा सोबतच्या पोलिसांनी तिथल्या माणसांना अन्नत्यागाची गोष्ट सांगितली. कित्येक तासांनी एका तरुण डॉक्टरने तपासलं. रुग्णाचा इतिहास समोर नव्हता. त्यांनी सलाइन लावलं, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाला जीवनसत्त्व.

त्याच रात्री तुरुंगाच्या फरशीवर, चटईवर, बिको वारले. जवळ कुणी नव्हतं. मागे पत्नी एन्सिकी आणि लहान मुलं होती.

१३ आणि १४ सप्टेंबर

न्यायमंत्री जिमी क्रूगर यांनी अन्नत्यागामुळे मृत्यू झाल्याचं सूचित केलं. पक्षाच्या अधिवेशनात ते म्हणाले, या मृत्यूने मला आनंदही नाही, दुःखही नाही, मी थंड आहे. सभागृहात हशा पिकला.

कोठडीतल्या मृत्यूचं पहिलं सरकारी कारण आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांत अंतर असतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत न्यायालयीन कोठडीत असलेला कायद्याचा एक विद्यार्थी वारला. छातीत दुखल्याचं कारण आधी पुढे आलं, शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का नोंदला गेला, आणि पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यायला उच्च न्यायालयाला जुलै २०२५ उजाडला. अटकेतल्या माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी प्रशिक्षित डॉक्टरकडून तपासणी व्हावी, अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद व्हावी, नातेवाइकांना कळवावं, ही कलमं सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच घालून दिली आहेत. खोली ६१९ मध्ये अठ्ठेचाळीस तासांत डॉक्टर दोनदा आला होता. म्हणून मला वाटतं, डॉक्टर आला का, एवढं विचारून भागत नाही. तो कुणाचा नोकर म्हणून आला आणि त्याने लिहिलेला कागद कुणाच्या हातात गेला, हे विचारावं लागतं.

१४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर १९७७

प्रिटोरियातल्या जुन्या सिनेगॉगच्या इमारतीत मृत्यूची चौकशी चालली. कुटुंबातर्फे सिडनी केंट्रिज उभे राहिले. माणसाला अठ्ठेचाळीस तास साखळीत जखडून ठेवण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला, असं त्यांनी गूसनला विचारलं. गूसन म्हणाला, आम्ही कायद्यांखाली काम करत नाही. शपथेवर दिलेलं उत्तर. शवविच्छेदनाने मेंदूची इजा दाखवली होती, त्यामुळे अन्नत्याग केव्हाच गळून पडला होता. दंडाधिकारी मार्टिनस प्रिन्स यांनी काही मिनिटांत निकाल वाचला. डोक्याला इजा बहुधा ७ सप्टेंबरच्या झटापटीत झाली, आणि गुन्हेगारी स्वरूपाची जबाबदारी कुणावरही येत नाही.

१९८५

वैद्यकीय परिषदेने आधी डॉक्टरांविरुद्ध काही करायला नकार दिला होता. इतर डॉक्टरांनी परिषदेलाच न्यायालयात खेचलं, तेव्हा चौकशी झाली. लँग यांना ताकीद मिळाली. टकर यांचं नाव नोंदणीतून काढलं गेलं, आणि माफीनंतर १९९१ मध्ये परत घेतलं गेलं.

१९९७ ते १९९९

पूर्ण सत्य सांगणाऱ्याला खटल्यापासून माफी देणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे पाच पोलिसांनी माफीचे अर्ज केले, आणि तेव्हा सकाळी सातची ती वेळ कोसळली. झटापट ७ तारखेला झालीच नव्हती. ६ तारखेला झाली होती. डॉक्टरला बोलावायला लावलेला उशीर झाकण्यासाठी सगळ्यांनी मिळून जबाबांतली तारीख एक दिवस पुढे ढकलली होती. म्हणजे ती ‘शांत’ रात्र, जाळीला बांधलेला कैदी आणि चटई, हे सगळं मेंदूला मार बसल्यानंतरचं होतं. लँग आले तेव्हा पंधरा-सोळा तास तरी उलटून गेले असावेत. इतकं सांगूनही डोकं अपघातानेच आपटलं, असं ते म्हणत राहिले. सत्य पूर्ण सांगितलं नाही म्हणून १९९९ मध्ये आयोगाने माफी नाकारली. २००३ मध्ये सरकारी वकिलांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून खटला भरायचं नाकारलं.

१२ सप्टेंबर २०२५

बिकोंच्या मृत्यूला अठ्ठेचाळीस वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी चौकशी पुन्हा उघडली गेली. पोर्ट एलिझाबेथचं नाव आता गेबेखा आहे, आणि कामकाज तिथल्याच उच्च न्यायालयात ठेवलं गेलं. गूसन, स्नायमन, न्यूवूट यांच्यापैकी कुणीच हयात नाही. न्यायालयापुढचा प्रश्न मात्र १९७७चाच आहे : या मृत्यूला कायद्याने कोण जबाबदार?